खोक्यातला वेणुगोपाळ

आई, परवा सोमवारी मी एक मूर्ती चुकीची भरली. तुलाच पहिल्यांदा लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते विचारतात, चुकीची म्हणजे काय, फुटली का? फुटली की नाही मला माहीत नाही. खोका बंद आहे. न फुटलेल्या मूर्तीवरूनही रागावणारी माझ्या ओळखीत तू एकटीच होतीस.

तुला जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर मी पेणमध्ये टिकलो नाही. गणपतीच्या कारखान्याच्या मालकाने थांब म्हटलं होतं, तुझ्या जागेवर बस म्हटलं होतं, पण तुझ्या जागेवर बसून तुझ्यासारखं भरणं मला जमेना आणि रंगवणाऱ्या बायका बघत राहायच्या. आधी चाकणला गेलो, मग हैदराबादला, मग आणखी दोन-तीन ठिकाणं, कुठे चार महिने, कुठे वर्ष. पायाला भिंगरी आहे म्हणायचीस ते खोटं नव्हतं. आता चेन्नईत अडीच वर्षं आहे, ही माझी सगळ्यात लांब मुदत. लोक घरातलं सामान परदेशी पाठवतात, ते भरून, बांधून देणारी कंपनी आहे. गोदाम तांबरमच्या पुढे. राहतो मात्र तिथून लांब शहरात, तिरुवल्लिकेणीत, एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे बंगला समजू नकोस, एकट्या पुरुषांना भाड्याने देतात त्या खोल्या, एका खोलीत आम्ही तिघं. आत्ता तांबरम स्टेशनच्या बाकावर बसलोय आणि सामानाच्या यादीच्या कोऱ्या मागच्या बाजूवर लिहितोय. अक्षर तसंच आहे, सातवीतलं.

इथे भरण्याची पद्धत वेगळी आहे. पेंढा नाही, गोणपाट नाही. बबलच्या प्लास्टिकचे गुंडाळे, थर्माकोल, चिकटपट्टी, आणि वर नंबर असलेलं सील. खोका भरून झाला की सुपरवायझर तो दोन्ही हातांनी हलवतो. आत जरा जरी वाजलं तरी म्हणतो, लूज, आणि कागदावर आपल्या नावापुढे लिहितो. माझ्या नावापुढे दोनदा लिहिलंय. एकदा काचेचे पेले होते, एकदा कुणाच्या तरी देवघराची घंटा, ती तर वाजणारच. तिसऱ्यांदा लिहिलं की घरी. तेव्हापासून मला सवय लागली, आई. मोकळी जागा दिसली की भीती वाटते आणि भीती वाटली की मी ठासतो. कागद, कापड, हाताला लागेल ते. माझे खोके आता दगडासारखे होतात. सुपरवायझर खूश असतो.

सोमवारी आमच्या मॅन्शनपासून तिसऱ्या गल्लीत काम निघालं. तिथल्या आजी तंजावरकडच्या, पण घरी मराठी बोलतात म्हणून मला पाठवलं. सुपरवायझर म्हणाला, "बाम्बे, तुझी भाषा आहे, तू बोल." इथे मला सगळे बाम्बेच म्हणतात, पेण कुणाला ठाऊक. आजींचं मराठी मला आधी वेगळंच वाटलं. शब्द आपले, चाल तमिळ. सगळं म्हणायचं असेल तर अस्कं म्हणतात. मधेच तमिळवर जातात आणि माझं तोंड बघून परत मराठीवर येतात. इथे नवरात्रात घरात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. आजींच्याकडे नऊ पायऱ्यांचा कोलू व्हायचा. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून अस्क्या बाहुल्या परदेशी लेकीकडे निघाल्या. दशावतार, वाणी आणि वाणीण, वाजंत्री, सगळं नीट भरलं मी. शेवटी त्यांनी आतल्या कपाटातून वेणुगोपाळ काढला. कोपरभर उंच. मातीत कागदाचा लगदा घालून केलेला, आतून पोकळ. एक पाय दुसऱ्यावरून टाकलेला, दोन्ही हात उजवीकडे, आणि हातात काडीएवढी बासरी. आजींच्या आजीने तो तंजावरहून आगगाडीत मांडीवर धरून आणला होता. "हा पहिला मांडायचा असतो," त्या म्हणाल्या. "हा मांडल्यावर मग बाकीचे. आणि फुटलेली बाहुली पायरीवर चालत नाही, बघ हां रे."

मी भरला. खालचं बूड बांधलं, कंबर बांधली, हात मोकळे सोडले. तू शिकवलंस तसं. सुपरवायझर वर आला, खोका उचलला, हलवला. आत बारीक आवाज आला. बूड थोडं सैल राहिलं होतं, मला आवाजावरूनच कळलं. बूड पुन्हा आवळायचं तर मूर्ती पूर्ण बाहेर काढायला हवी होती आणि बबलचा गुंडाळा खाली गाडीत होता. तो म्हणाला, "एन्न डा, लूज." म्हणजे काय रे, सैल आहे. आणि खिशातून पेन काढलं. आई, त्या पेनाकडे बघून मी झाकण उघडलं आणि जवळ पडलेलं वर्तमानपत्र चुरगाळून कोपराखाली घातलं. मग बासरीच्या खाली. मग बोटांच्या आणि बासरीच्या मधे. बोटाने दाबून दाबून. आवाज थांबला. "सूपर," तो म्हणाला आणि सील लावलं. आजींनी खोक्यावर हात ठेवला. "आता हलत नाही कीं रे?" मी म्हटलं, "नाही आजी, आता अजिबात नाही."

तो उन्हाळा तुला आठवत असेल. शिमगा झाला होता, परदेशच्या मूर्ती भरायला घेतल्या होत्या. मी नुकताच कामाला लागलो होतो, सतरावं चालू होतं आणि मला सगळं येतं असं वाटायचं. आशीर्वादाचा हात पुढे आलेली मूर्ती होती, मी त्या हाताखाली पेंढा भरला, छान गच्च. तू आलीस, सगळा पेंढा उपसलास आणि माझ्या मनगटावर फटका मारलास. "हात धरायला तुला सांगितलंय कुणी? बूड धर, कंबर धर. हाताला हवा राहू दे." मी उलट बोललो. म्हटलं, नाजूक आहे तेच तर सांभाळायचं ना? रंगवणाऱ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "पोरगा वकील होणार गं तुझा!" तू हसली नाहीस. टाकाऊतल्या दोन मूर्ती आणल्यास. एक माझ्या पद्धतीने माझ्याकडूनच भरून घेतलीस, एक तू भरलीस, आणि दोन्ही खोके ओट्यावरून खाली ढकललेस. माझी उघडली तर हात कोपरातून गेलेला. तुझी होती तशी. मग तू खाली बसून मला सांगितलंस की धक्का बसला की मूर्तीचं अंग एवढुसं तरी सरकतं, आणि हात धरून ठेवला असेल तर तो अंगाबरोबर जाऊ शकत नाही, म्हणून मोडतो. शाळेत मला कुणी काही इतकं नीट समजावलं नव्हतं. संध्याकाळी चूल पेटवताना तू मला तुझा गोणपाट शिवायचा दाभण दिलास. "आता तुझा," एवढंच म्हणालीस. तो पुढे चाकणच्या खोलीतून चोरीला गेला. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तर सोमवारी मला सगळं माहीत होतं. नकळत झालं असतं तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी गोदामातून परतताना बसमध्ये माझं बोट दुखत होतं, ज्या बोटाने कागद दाबला ते. खोका गाडीत चढवतानाच एकदा आपटला होता, तेव्हा मी तिकडे बघितलं नव्हतं. मंगळवारी सकाळी मी आजींची गल्ली टाळून देवळाच्या मागून गेलो. गुरुवारी खोका कंटेनरमध्ये जाणार, मग समुद्र, मग तिकडची बंदरं, तिकडचे हमाल. लेक पहिल्या पायरीवर मांडायला म्हणून काढील आणि हात हातात येईल. सांगावं तर तिसरी नोंद. गुपचूप उघडावं तर सील आहे. मागच्या वर्षी एकाने सील तोडलं, आत काय होतं ते बघायला म्हणे, त्याला चोर ठरवून पोलिसांच्या हवाली केलं. हातांना घाम इतका की चिकटपट्टी हातालाच चिकटायची.

चार वाजता सुपरवायझरपुढे जाऊन उभा राहिलो. माझं तमिळ मोडकं, तरी म्हटलं, "अण्णे, तो कृष्ण मी चुकीचा भरलाय. उघडायला पाहिजे."

"फुटला?"

"माहीत नाही."

"मग उघडायचा कशाला?"

"फुटेल म्हणून."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "बाम्बे, लोक फुटल्यावर येऊन म्हणतात, मी नाही केलं. तू फुटायच्या आधी येऊन म्हणतोस, मी केलं. डोकं ठिकाणावर आहे?"

त्याने नोंदींचा कागद पुढे ओढला. मग म्हणाला, "मालकिणीसमोरच उघडता येतं. तिला बोलाव. आणि मला लिहावं लागेल. तुझ्या नावापुढे."

"लिहा," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून कसा आला मला अजून कळलेलं नाही, पण नोकरीची भीती तिथेच संपली. दुसरी सुरू झाली. आता आजींना फोन करायचा होता.

तीनदा नंबर लावून तोडला. चौथ्यांदा त्यांनीच उलटा लावला. "कां रे, काय झालें?" मी म्हटलं, काही नाही आजी, तुमच्या खोक्याचं जरा काम आहे, उद्या गोदामात येता का, गाडी पाठवतो. "गाडी कशाला? ट्रेन आहे कीं. तांबरमला माझी धाकटी बहीण राहायची, वाट अस्की ठाऊक आहे मला." मग विचारलं, "तुला खायला काय आणूं? तिथें एकटा असतोस." मी म्हटलं, काही नको. त्या म्हणाल्या, "इडली आणत्यें."

म्हणून आज बुधवारी मी इथे बसलोय. एग्मोरहून दोन गाड्या आल्या, प्रत्येक वेळी उठून बायकांच्या डब्यापर्यंत गेलो, त्यांत त्या नव्हत्या. पुढची दहा मिनिटांत आहे. खोका गोदामात टेबलावर काढून ठेवलाय, सुपरवायझर कात्री घेऊन थांबलाय. हा कागद कुठे टाकायचा नाही, तुझा पत्ता काय लिहू. घडी करून खिशात ठेवीन, कपडे धुताना लगदा होईल.

एक राहिलं. कशासाठी येताय, हे आजींना मी सांगितलेलं नाही. फोन ठेवताना कंपनीचा नियम आहे म्हटलं, पाठवण्याआधी सगळे खोके मालकासमोर एकदा बघतात. त्या म्हणाल्या, "चांगला नियम आहे." आता जिना उतरताना सांगावं की कात्री लावताना, ते ठरत नाही. खरं सांगतो आई, सकाळपासून मी वेणुगोपाळाचा हात शाबूत निघू दे असं एकदाही म्हटलेलं नाही. त्यांची गाडी चुकू दे, एवढंच म्हणतोय.