मागची सीट नसलेली गाडी

३ नोव्हें.
जीप गेली. भंगारवाल्याने ओढून नेली तेव्हा बाबा टोपी काढून उभे राहिले. तिच्या जागी आता ही. बायकोचा, म्हणजे सु.चा, भाऊ हैदराबादेहून परदेशी चालला. म्हणाला, भाऊजी, बातम्या गोळा करायला काहीतरी लागेलच ना, ठेवून घ्या. लाल, बुटकी, दोनच सीट, छत मागे मोडून ठेवता येणारे. आत बसता येत नाही, आत पडावे लागते. पडलो. किल्ली फिरवली. पुढचे बातमीदाराच्या भाषेत मावत नाही. एवढेच: रस्ता इतक्या जवळून पूर्वी एकदाच पाहिला होता, सायकलवरून पडलो तेव्हा.

५ नोव्हें.
तलमडुगू गाव. कापसाच्या वेचणीची बातमी. छत उघडे ठेवून गेलो. इतकी वर्षे जीपमधून शेताच्या डोक्यावरून पाहत आलो, आज शेत माझ्याकडे वरून पाहत होते. दोन्हीकडे फुटलेली बोंडे, अगदी डोळ्यांच्या रेषेत. पांढऱ्याचा शेवट दिसेना. गाडी बंद करून नुसता बसून राहिलो. पाठशाळेत ‘विस्मय’ शब्दाची व्युत्पत्ती शिकलो होतो, प्रात्यक्षिक राहून गेले होते.
वेचणाऱ्या बायांपैकी एकीने बॉनेटवर हात ठेवला. “गरम हाये माय. जनावरासारखी.” मग आत डोकावून, “अन् बायको कुठं बसते?”
बातमी लिहायची राहिली.

८ नोव्हें.
घरचा दस्तूर असा: पुढची सीट बाबांची. तहसील कचेरीत पेशकार होते, तहसीलदारापुढे कागद वाचून मांडणारे. निवृत्त झाले तरी रोज सकाळी कचेरीसमोरच्या टपरीवर चहा, आणि तिथे मी नेऊन सोडायचे. सु. मागे. लग्न होऊन आली तेव्हा ठरले, पुन्हा विषय निघाला नाही.
आज तिघांनाही विहारात जायचे होते. बाबा सवयीने पुढे बसले. पांढरी साडी सावरत सु. मागचे दार शोधायला गेली आणि पूर्ण प्रदक्षिणा घालून परत माझ्यासमोर आली. दार नव्हते, कारण मागच नव्हते. बाबा समोर काचेकडे पाहत होते. मी स्टिअरिंगकडे. ती “बरं” म्हणाली आणि ऑटोने आली. सगळा वेळ आरशात ती ऑटो.

१२ नोव्हें.
शिक्षिका सु.ला मुख्याध्यापिका म्हणून बढतीचा हुकूम. शाळा इंद्रवेल्लीच्या पलीकडे, जंगलात. पहिली बस पोचते तोवर दुसरा तास संपलेला असतो. महिनाअखेरपर्यंत जिल्हा कचेरीत होकार द्यायचा, नाहीतर नाव गळणार आणि पुढच्याला मिळणार.
बाबा जेवता जेवता म्हणाले, “नको म्हनून लिहून दे. रोज सकाळी एवढ्या दूर कोन नेईन?”
कोण नेईल ते तिघांनाही ठाऊक. गाडी एक, मोकळी जागा एक, आणि वेळ नेमकी चहाची. मी भाजीत मीठ कमी आहे असे काहीतरी बोललो. नव्हते कमी.

१७ नोव्हें.
बाबांना घेऊन इचोड्याला. गतिरोधकावर गाडीचे पोट घासते, म्हणून प्रत्येक गतिरोधकाला बाबा उतरतात, काठी टेकत पलीकडे जातात, पुन्हा बसतात. ढाब्यावरचे ट्रकवाले खाटेवर उठून बसले. बाबा खूश. म्हणाले, तहसीलदारासाठी पन रस्त्यात एवढं उतरलो नाही.
शेजारी ट्रक उभा राहिला. त्याचे चाक माझ्या डोक्याहून उंच. मुंगीला बैल असाच दिसत असेल. भीती वाटायला हवी होती, पण मी आ वासून पाहतच राहिलो.

२१ नोव्हें., रवि.
बाबांची दाढ दुखत होती, घरी राहिले. सु. म्हणाली, शाळा तरी पाहून येऊ. पुढच्या सीटवर बसली ती पर्स मांडीवर घट्ट धरून, बसमध्ये बसल्यासारखी.
इंद्रवेल्लीच्या पुढे सागवान. पानांचा बोगदा, वर आकाशाची चिंधी. लक्षात आले की लग्नापासून कुठल्याही वाहनात आम्ही दोघेच असे कधी नव्हतोच. मागे-पुढे कोणीतरी असायचेच. मराठीने द्विवचन टाकून दिले, या गाडीने परत आणले.
शाळेला कुलूप. दोन खोल्या, झेंड्याचा खांब, भिंतीवर अर्धा नकाशा. सु.ने खिडकीतून बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे न पाहता, “मले हे पाह्यजे. तुमी विचारलं नाही, म्हनून सांगून राह्यली.”
परतताना “सरका” म्हणाली. माहेरी बापाची जीप चालवायची. लायसन्सची मुदत तिने कधी चुकू दिली नव्हती. का, हेही मी विचारले नव्हते. गतिरोधक आला की गाडी तिरपी घालायची. पोट एकदाही घासले नाही. केस सुटलेले, डोळे बारीक, वळणावर किंचित हसू. वेगात बायको कशी दिसते हे मला ठाऊक नव्हते. मी मुकाट शेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून.

२४ नोव्हें.
टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली. बाबांनी घरी येऊन काठी कोपऱ्यात ठेवली. मग—
“सुनेनं गाडी चालवली म्हंतात.”
“हो.”
“अन् तू कुठं बसला व्हता?”
“शेजारी.”
“म्हंजे माह्या जागेवर.”
रात्री जेवले नाहीत. दाढ, म्हणाले.

२८ नोव्हें.
सु.ने अजून काही लिहून दिलेले नाही. मी म्हणालो, मी सोडीन रोज, बाबा चहाला ऑटोने जातील. ती म्हणाली, “त्यायनं म्हनलं पाह्यजे. नाहीतर रोज त्यायच्या जागेवर बसल्यासारखं वाटन मले.” मी बाबांपाशी गेलो, कापसाच्या भावावर बोललो, परत आलो.

३० नोव्हें.
होकाराचा शेवटचा दिवस. सकाळी बाबा रोजच्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून गाडीच्या दाराशी. सु. बाहेर आली, हुकूम पर्समध्ये, किल्ली हातात. सरळ स्टिअरिंगमागे बसली. उरली एक जागा, उभे दोघे.
सु. समोर पाहत होती. मी म्हणणार होतो, बाबा, आज तुम्ही... वाक्य तेवढेच तयार होते.
बाबांनी काठी माझ्या हातात दिली, दार उघडले आणि काठीवाचून, एकेक पाय आत घेत बसले. “तू राहा. मले बोलाचं हाये तिच्याशी.”
काय, ते सांगितले नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि गाडी सुरू केली. पेशकारी नजरेने हुकूम वाचून नकार लिहवून घेतील, की... त्यांना तिच्या शेजारी बसलेले मी आज पहिल्यांदा पाहिले. कोपऱ्यावर गाडी जिल्हा कचेरीकडे वळायला हवी होती. इंद्रवेल्लीच्या रस्त्याला वळली.
दुपार कलली. कचेरी पाचला बंद होते. दोघांचेही फोन लागत नाहीत. त्या जंगलात लागतही नाहीत. मी फाटकाशी उभा आहे, हातात काठी.