कंपनीची बॅटरी आणि बदलीची

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

आवडाची तब्येत कशी आहे? — बरी. पण जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबते आणि म्हणते, "तुम्ही व्हा पुढं, मी पदर सावरते." पदर कसला! दम लागतो. विश्वजीतचा खोकला? — गेला. शेंद्र्याच्या कंपनीत पोरगं गारगार हवेत बसतं, पुन्हा येईल. सूनबाईची, तनुजाची कंबर? — शेकली, आता ठीक. माझे गुडघे? — आहेत जागेवर.

आणि गाडी? — गाडीची तब्येत नाय बरी. सेल्फचं बटण दाबलं तर नुसतं टिक् टिक्. हॉर्न असा, जसं करडू कुठंतरी लांब अडकलंय! किक मारून चालू केली. बहात्तराव्या वर्षी किक मारणं म्हणजे गुडघ्याशी भांडण.

ही तिसरी बॅटरी. गाडीबरोबर आलेली, कंपनीची, पाच वर्षं दोन महिने चालली. तिच्यानंतरची सव्वादोन वर्षं. आणि ही — दोन वर्षं दोन महिन्यांत हिनं मान टाकली.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती बोळवून आलो. दुपारी माळ्यावरची काळी वही खाली काढली. दुकानातली.

मुकुंदवाडीला चौतीस वर्षं दुकान केलं. शाळा चौथीपर्यंत. करंटचं काम मला कुणी शिकवलं नाय, जळालेल्या वायरी उकलून उकलून शिकलो. पण एक सवय पहिल्या दिवसापासून ठेवली — बॅटरी बसवली की तिच्या अंगावर खिळ्यानं तारीख कोरायची आणि तीच वहीत लिहायची. ती बॅटरी मेली की पुढं दुसरी तारीख. गिऱ्हाइकं हसायची. "रामकिसनदादा, बॅटरीची पत्रिका मांडता का?"

मांडली होतीच. आज बसून सगळी पानं बघितली. कंपनीची बॅटरी चार वर्षं, पाच वर्षं, एखादी सहा. बदलीची दोन, अडीच. तीन झाली म्हणजे पेढे वाटावेत. एकट्या धोंडिबा दूधवाल्याच्या गाडीत बदलीची सहा वर्षं टिकलेली दिसते. तेवढं सोडलं तर पानामागून पान तेच.

मग वही मिटली आणि भलताच हिशेब डोक्यात शिरला. आवडाच्या छातीत पेसमेकर बसला जानेवारी २०१६ ला. गाडी घेतली फेब्रुवारीत — तिला तपासायला न्यायला म्हणूनच. गाडीची कंपनीची कधीच गेली. आवडाची पहिलीच अजून चालू. साडेनऊ वर्षं.

मंगळवारी तपासणी आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर नीरजाबाई लई गोड बोलतात. आवडाला झोपवून छातीवर ते मशीन ठेवलं, कागद निघाला, तो दोनदा बघितला. मग मला पडद्याबाहेर घेऊन आल्या. "काका, बॅटरी बदलायच्या खुणेला आली. पुस्तकात तीन महिने हातात असतात, पण मावशींचं हृदय मशीनवरच चालतं. महिन्याच्या आत करून घेऊ. संपत आली की मशीन काटकसर करतं, म्हणून दम लागतोय."

मी मान हलवली.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाडीत मीच बदलीच्या बॅटऱ्या घातल्या. मीच तारखा कोरल्या. मला माहीत नसेल तर कुणाला! पहिली काढली की पुन्हा तशी येत नाय. म्हणजे आवडाला साडेनऊचे किती मिळणार — चार? साडेचार? आणि पुढची त्याच्या निम्मी?

रिक्षात बसल्यावर आवडानं विचारलं, "काय म्हणल्या?"

मी म्हणालो, "अजून चालतीय. दिवाळीनंतर बघू."

माझ्या तोंडून कसं गेलं! बदली जेवढी पुढं ढकलता येईल तेवढी ढकलावी, एवढंच सुचलं. विश्वजीतलाही तेच सांगितलं. पन्नास वर्षांच्या संसारात हिच्याशी खोटं बोललो नाय असं नाय. पण असलं नव्हतं बोललो.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष चालूच आहे. या दिवसांत नवी वस्तू घरात आणत नाय, अंगात कशी बसवायची? — मनाला असं समजावलं. मन ऐकंना.

११ सप्टेंबर, गुरुवार

या रोजच्या वहीत आवडाची पेन्सिल सापडली. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची, बारकी, दातांनी चावलेली. इथं कशी आली? वही उशीखाली असते, तिथं घरंगळली असेल. नेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं अडकवली.

१३ सप्टेंबर, शनिवार

आवडानं आज धपाटे केले. मी म्हणालो, "उभी राहू नको, तनुजा करील." तर म्हणते, "माझ्या धपाट्यावर लोणी ठेवून खाताना कधी तनुजा आठवली नाय ती?" तनुजा हसून हसून लाल.

ताट वाढलं, माझ्यासमोर बसली. वहीकडं बोट करून म्हणाली, "रोज लिहिता. लिहिलेलं परत वाचता का कधी?"

"झालेलं काय वाचायचं?"

"व्हय. तुमचं आपलं पुढंच चालतं."

मग बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, लोणी लागलंय मिशीला. पुसलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज आवडा अंगणात खाली बसली. पडली नाय — बसली. तुळशीला पाणी घालता घालता हात भिंतीला टेकला आणि हळूच खाली. मी धावलो. गुडघे कुठं गेले होते कुणास ठाऊक, धावलो! ओठ पांढरे. पाणी पाजलं.

"काय नाय हो. चक्कर आली जरा."

तिचा हात हातात घेऊन नाडी बघितली. मला काय कळतं नाडीतलं? इंजिनाचा आवाज कळतो, माणसाचा नाय. तरी बोट धरून बसलो. ठक… ठक… ठक. अगदी सारख्या अंतरानं. चढ आला तरी तेवढंच, उतार आला तरी तेवढंच. काटकसर.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. म्हणे रामकिसन मिस्त्री! अख्ख्या मुकुंदवाडीच्या गाड्यांना करंट दिला, आणि घरात एक वाक्य सुटंना.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कचरूकडं गेलो. जालना रोडला त्याचं बॅटरीचं दुकान. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण बोलणं सासऱ्यासारखं. गाडी किक मारमारून नेली होती, सांगितलं, "नवी टाक. आणि ऐक, कंपनीसारखी चालणारी दे. दोन वर्षांत मरणारी नको."

कचरूनं पान थुंकलं. "दादा, तुम्ही चौतीस वर्षं बॅटऱ्या मारल्या, आणि नाव बॅटरीला ठेवता?"

मी चिडलो. वहीचं सांगितलं. पाच वर्षं, दोन वर्षं, पानामागून पान.

"वही खरी हाय. वाचणारा चुकला," कचरू म्हणाला. "कंपनीची बॅटरी बसते तवा गाडी कशी असते? कोरी करकरीत. वायर नवी, रेग्युलेटर नवा, अर्थची वायर घट्ट. बदलीची बसते तवा? समदं पाच वर्षांचं झिजलेलं. त्यात आपण ॲसिड भरतो, अर्ध्या तासात गिऱ्हाइकाला देऊन मोकळे. तिला पहिलं चार्जिंग नीट मिळतच नाय. जन्मतःच अर्धपोटी! मग म्हणायचं, बदलीची टिकत नाय."



"मीटर आण," मी म्हणालो.

गाडी चालू केली. बॅटरीला मीटर लावलं, इंजिन वाढवलं. चौदा-साडेचौदा व्होल्ट पाहिजे. काटा गेला सोळावर.

सोळा!

बॅटरीत जाणाऱ्या करंटला आवर घालणारा रेग्युलेटरच गेलेला. किती दिवस? देव जाणे. दुसरी बॅटरी त्यानंच उकळवून मारली, तिसरीही त्यानंच. आणि मी — दुसऱ्याच्या गाडीचा हॉर्न ऐकून दोष सांगणारा — स्वतःच्या गाडीला कधी मीटर लावलं नाय. बदलीची म्हणजे मरायचीच, असं धरून चाललो. धोंडिबा दूधवाल्याचं सहा वर्षांचं पान तेवढ्यात आठवलं. त्याच्या गाडीचा रेग्युलेटर मी बॅटरीबरोबरच बदलला होता. अर्थची वायरही. माझ्याच हातानं! वहीत फक्त तारीख लिहिली, हे लिहिलंच नाय.

कचरूनं चहा मागवला. "काय झालं दादा? बॅटरीपायी डोळ्यांत पाणी?"

त्याला सांगितलं. समदं. आवडाचं.

तो पानाचा डबा बंद करून बसला. कचरूचं तोंड पहिल्यांदा रिकामं बघितलं. मग म्हणाला, "इथं काय बसलात मग? डॉक्टरला जाऊन विचारा — वायरी तपासता का म्हणून."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एकटा गेलो दवाखान्यात. नंबर लावून बसलो. नीरजाबाईंना विचारलं, "बॅटरी बदलाल, वायरी जुन्याच ठेवाल. त्या मोजता का आधी?"

बाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढली. "मोजतो काका. नवीन डबी जोडायच्या आधी प्रत्येक वायर मोजतो. मागच्या आठवड्यात बाहेरून तपासल्यात, दोन्ही छान आहेत."

"आणि पहिलं चार्जिंग?"

"हिला चार्जिंग नसतं. भरलेली, सीलबंद येते. बॅटरी एकटी नाही, पूर्ण डबीच नवीन."

"मग पहिलीपेक्षा कमी चालेल?"

"का म्हणून? आठ, दहा वर्षं, थोडं जास्तही. कमी-जास्त होतं, शब्द नाही देणार. पण दुसरी आहे म्हणून कमी, असं काही नाही." मग चष्मा काढला. "काका, महिन्याच्या आत म्हटलं होतं. दहा दिवस झाले. मावशींना सांगितलंत ना?"

खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती.

"आज सांगा," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० सप्टेंबर, शनिवार

काल सांगितलं नाय. घरात पाहुणे होते. — खोटं. पाहुणे सहाला गेले.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ताटं झाली, कावळ्याला घास ठेवला. विश्वजीत-तनुजा वर गेले. आवडा भाजी निवडत बसली होती, मेथी. मी समोर बसलो आणि काड्या तोडायला लागलो. पानं काड्यांत, काड्या पानांत!

"अहो, काय करताय?"

"आवडा, बॅटरी संपत आलीय. महिन्यात बदलायची म्हणाल्या होत्या. मी तुला खोटं सांगितलं."

मग काळी वही, कंपनीची, बदलीची, सोळावर गेलेला काटा, कचरू, वायरी — जे जसं येईल तसं सांगत गेलो. मला वाटलं होतं, रडेल. नायतर चार दिवस बोलणार नाय. एकदा पाचोडच्या बाजारात तिला विसरून घरी आलो होतो, तेव्हा नव्हती बोलली.

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्या.

"बरं झालं सांगितलं," म्हणाली. "चहा टाकू?"

एवढंच! आणि चेहरा असा, जसं ओझं तिचंच उतरलं. बायकांचं कळत नाय. दोन चमचे साखर टाकली तिनं माझ्या चहात, बंदी असताना.

विश्वजीतला खाली बोलावून सांगितलं. तो माझ्यावर चिडला, आणि चिडायलाच पाहिजे. पण आवडा म्हणाली, "ए, बापाला बोलायचं नाय. तारीख घे जा." बुधवारची मिळाली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. गाडीला आधी नवा रेग्युलेटर घातला, अर्थ घासून घट्ट केली. मग बॅटरी — कचरूनं पूर्ण दहा तास सावकाश चार्ज करून दिली. काटा चौदा पॉइंट दोन. सेल्फ पहिल्या हाकेला. आवडा दारात उभी, म्हणते, "आता माझा नंबर."

२४ सप्टेंबर, बुधवार

झालं. तासाभरात झालं. दोन्ही वायरी मोजल्या, ठणठणीत. नीरजाबाई बाहेर येऊन आधी तेच बोलल्या, "काका, वायरी छान." मी हात जोडले, त्यांनी धरून खाली केले.

आत गेलो. आवडा झोपेत होती, गालावर रंग. नाडी धरली. ती कूस बदलायला लागली तशी नाडी जराशी भरभर झाली, मग पुन्हा निवांत. काटकसर संपली!

जाग आल्यावर पहिलं वाक्य — "तारीख कोरली का हो?"

"नर्स खिळा आत नेऊ देईना."

हसली, मग टाके दुखले म्हणून मला बोलली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातच. आवडा इडली खातेय, नावं ठेवत ठेवत. नव्या डबीची तारीख नीट मांडावी, शेजारी डॉक्टरांनी बॅटरी संपत आल्याचं सांगितलं ती तारीखही घालावी म्हणून या वहीत पहिल्यांदाच मागं उलटलो. नऊ तारखेचं पान. माझं लिहिणं संपतं तिथं, खाली, पेन्सिलीनं —

"अहो, मधे नुसता पडदा होता. मला समदं ऐकू आलं. तुम्ही घाबरलात. तुमच्या तोंडून येईस्तोवर मी थांबते, जिना हळू चढते. पण लई दिवस लावू नका. वाचलं की लवकर बोला. — आवडा"