गाऱ्हाण्याच्या चालीवर इंग्रजी

पेडणे,
गुरुवार

तीर्थस्वरूप गोकुळदास भावोजींच्या सेवेशी,

कृष्णनाथाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो आहे, म्हणून कागदावरच पूर्ण वाकलो आहे असं समजावं.) आपला खोकला आता कसा आहे? ताईची साखर उतरली का? वाळपईच्या बाजारात फणस आले असतील, तर ते ताईला दिसणार नाहीत अशी काही व्यवस्था आपण केलीच असेल. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं आपण म्हणाल. फोनवर माझा आवाज चढतो, मग आपला चढतो, आणि मधल्या मध्ये ताई रडते. पत्राला आवाज नसतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

तर आपल्या भाचीच्या, म्हणजे आमच्या सेजलच्या, मुलाखतीचा वृत्तांत. नोकरी मोपाच्या विमानतळावर सूचना वाचण्याची. घरून स्कूटरने जायचं, ड्युटी संपली की घरी जेवायला यायचं. ही नोकरी मिळणं म्हणजे पोर घरात राहणं, हे सुमंगलेने देवाला आणि मी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. नाहीतर तिची मैत्रीण ज्योती गेली तशी तीही हैदराबादला जाणार आणि विमानात ट्रे वाटत फिरणार. आपण हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलंत, म्हणून तयारी आपल्याकडे सोपवली, आणि आपण ती रोज फोनवरून करून घेतलीत. त्याबद्दल मी आभारी आहे. मात्र पुढे जे घडलं त्याचं मूळ आपल्या शिकवण्यातच आहे, हे आधी नोंदवून ठेवतो.

आपण तिला सांगितलंत की इंग्रजीत सगळे शब्द सारख्याच जोराने म्हणायचे नसतात. कामाच्या शब्दावर भार द्यायचा, बाकीचे पळवायचे. 'सॉरी' म्हणताना आवाज वर गेला तर 'पुन्हा बोला', खाली आला तर 'माफ करा'. मी फोनच्या शेजारी सुपारी कातरत हे ऐकत होतो. विद्या घरबसल्या मिळते आहे, तर वापरून पाहावी म्हणून मी एक साधं वाक्य निवडलं, 'मी चहा मागितला होता.' पहिल्या दिवशी 'मी'वर जोर दिला, तेव्हा सुमंगलेने विचारलं, मग दिलाय कोणाला? दुसऱ्या दिवशी 'चहा'वर दिला, तर तिने कप उचलून वास घेतला आणि तो परत घेऊन गेली. 'होता'वर दिला त्या दिवसापासून चहा मीच करतो. (बरा होतो.) बँकेतल्या साहेबांना 'सॉरी' म्हणताना माझा आवाज चुकून वरच राहिला, आणि त्यांनी आधीचं सगळं बोलणं मला पुन्हा, मोठ्याने, सगळ्या खातेदारांसमोर ऐकवलं.

मग आपण थांब्यांवर आलात. एक गोष्ट सांगून झाली की थांबावं, ऐकणाऱ्याच्या मनात ती बसू द्यावी, मग पुढची सांगावी. भावोजी, हे आपण माझ्या घरात शिकवता? वडील गेल्यापासून देवळात गाऱ्हाणं मी घालतो. देवापुढे एकेक मागणं मांडायचं, थांबायचं, जमलेल्या मंडळींनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की पुढचं मागणं. (कुणाची नवी गाडी आली, बोअरला पाणी लागलं, कुणाचा मुलगा दुबईला निघाला, तरी मलाच बोलावतात.) थांबा कुठे घ्यावा हे माझ्याइतकं या तालुक्यात कुणाला कळतं? म्हणून संध्याकाळचा वर्ग मी माझ्या हातात घेतला. आपल्याला कळवलं नाही, कारण आपला रक्तदाब. सेजल ओट्यावर उभी राहून इंग्रजी सूचना म्हणायची आणि मी बोटाने थांबे दाखवायचो. हळूहळू ते असे बसले, की शेजारचा बाबली, जो टॅक्सी चालवतो आणि ज्याला इंग्रजीतलं फक्त भाडं समजतं, तोही कुंपणापलीकडून प्रत्येक थांब्याला हुंकार देऊ लागला. थांब्यांबरोबर चालही आली आहे, हे कुणीच मला सांगितलं नाही.

मुलाखत पर्वरीला होती. बाबलीच्याच टॅक्सीने गेलो. बाहेरच्या खोलीत बहुतेक पेडण्याकडच्याच मुली आणि त्यांचे बाप बसलेले. आत मुंबईहून आलेली एक बाई, आणि उकाड्यामुळे दार सताड उघडं. सेजलने कागद हातात घेतला. 'लेडीज अँड जंटलमेन' म्हणून तिने आवाज उंच नेला, शेवटी लांबवला आणि थांबली. बाहेरून आलं, 'व्हय म्हाराजा!' सुरुवात मी केली नाही, बाबलीने केली. (मी दुसऱ्या थांब्याला सामील झालो.) दिल्लीचं विमान उशिरा सुटणार आहे, व्हय म्हाराजा, प्रवाशांनी चार नंबरच्या गेटापाशी यावं, व्हय म्हाराजा. तोवर सगळे बाप उठून उभे राहिले होते आणि एकाने चपला काढल्या होत्या. सेजल मात्र न अडखळता शेवटपर्यंत वाचत गेली. मला तिचं फार कौतुक वाटलं. ती बाई दारात आली, आम्हा प्रत्येकाला तिने नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, 'रिअली.' आवाज ना वर गेला, ना खाली. त्याचा अर्थ आपण शिकवला नव्हता.

पुढचं सेजलने परत येताना सांगितलं. देवाकडे सगळं एका दमात मागायचं नसतं, हे तिने त्या बाईला समजावलं. बाई हसली म्हणे. चाल सोडा, थांबे ठेवा, सोमवारी पुन्हा या, नोकरी जवळजवळ तुमचीच आहे, असं म्हणाली. आणि जाता जाता तिने असंही विचारलं, की असा न डगमगणारा आवाज विमानातच जास्त उपयोगी पडतो, हैदराबादला प्रशिक्षण सुरू होतंय, जाल का? सेजल म्हणाली, घरी विचारते. मी टॅक्सीतच सांगून टाकलं, मोपाच बरं गो. ती काचेबाहेर बघत होती.

एकूण सगळं ठीक आहे. तिची चाल मी दोन दिवसांत उतरवतो. आपण उगाच वाळपईहून यायची तसदी घेऊ नये. ताईला नमस्कार, खोकल्याला अडुळसा घ्यावा.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
कृष्णनाथ

ता. क. चाल उतरत नाही. काल सुमंगलेने जेवायला हाक मारली तीही त्याच चालीत, आणि मी 'व्हय म्हाराजा' म्हणून पाटावर बसलो.

आणखी एक ता. क. काल देवळात सेजलसाठी गाऱ्हाणं घातलं, हे वर लिहायचं राहिलं. 'बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवाक मोपाक नोकरी गावांदे, घरच्या माणसांत ऱ्हवांदे.' मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणाली, सुमंगला सगळ्यांत मोठ्याने. सेजल माझ्या शेजारीच हात जोडून उभी होती. तिच्याकडून काही आलं नाही. मी थांबा जरा लांबवला. तरीही आलं नाही. मला एकदम भीती वाटली, भावोजी, आणि मी पुढचं मागणं विसरलो.

घरी येऊन तिला विचारणार होतो. पण मी काहीही विचारलं तरी त्याचं गाऱ्हाणंच होतं, समोरच्याने 'व्हय' म्हणायचं तेवढं उरतं. मला दुसरी चाल येत नाही. खरंच उत्तर हवं असेल तर शेवटी आवाज वर न्यावा आणि मग आपण गप्प बसावं, असं आपण तिला शिकवलं होतंत. ते आपल्याला जमतं. म्हणून रविवारी सकाळच्या बसने या. तिला विचारा, मोपाच हवं का? मी तेवढा वेळ परसात नारळ सोलत बसेन.

आणि ती पटकन 'व्हय' म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.