मुरगूडचं पाणी

आबा, तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली, पण तुमच्यावरचा राग काही जात नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणून तुमची कोल्हापूरला बदली झाली तेव्हा आई केवढी हरखली होती! मुरगूड, तिचं माहेर, एकदाचं जवळ आलं होतं. पण नेमका मामाचा भावकीशी बांधावरून दावा चाललेला. तुमच्यापुढं नव्हे हो, कागलच्या कोर्टात! तुमचं आपलं एकच, "उद्या अपील माझ्याकडंच येणार." गुळाची ढेप खांद्यावर घेऊन मामा बंगल्याच्या फाटकाशी उभा आहे, हे मला अजून दिसतं. "दाजी, भाचरांस्नी आणलाय. तुम्ही खाऊ नका की!" तो अजिजीनं म्हणतोय, आणि तुम्ही शिपायाला फाटक लावायला सांगताय. सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडावर!

पुढं आजी गेली. "मातीला जाऊन ये, पण त्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नकोस," गळ्यातले पांढरे बँड बांधता बांधता तुम्ही आईला बजावलंत. आणि आमची आई तरी काय बाई! आपल्या आईला पोचवून, भर उन्हातून कोरड्या तोंडानं परत आली. उंबऱ्यातच बसली आणि तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली. "तुला वेडबीड लागलंय का?" मी ओरडले. तर म्हणते कशी, "त्यांच्या नावाला डाग नको, बाळ."

तुम्ही निवृत्त झालात तरी तो दावा कागलातच लोळत होता. अपील आलंच नाही, आबा. वकिलांनी तुम्हाला फेटा बांधला, निष्कलंक म्हणून टाळ्या पिटल्या. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "आता खुशाल जा मुरगूडला." काय उपकार! ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई न्हाई, आता कुणासाठी जाऊ?" तुम्ही पेपर उघडलात. ती पुन्हा माहेरी गेली नाही, तशीच संपली.

परवा मामा आला होता, पार थकलाय. येताना गूळ आणलाच. मी तुमच्याबद्दल तोंड सोडलं, तर म्हातारा माझ्यावरच खवळला. "गप ए! दाजीसारखा माणूस व्हायचा न्हाय. मुरगूडात आजबी छाती काढून सांगतो की मी!" त्याच्यापुढं गूळ-पाणी ठेवताना माझीही मान ताठ झाली, आबा. मेली, आपोआप झाली. याचीच जास्त चीड येते. आईला हे सांगायची मला लाज वाटली असती, आणि तुम्हाला तर मी कळूच देणार नाही.