दाभणाचा टाका

आबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर खवळले आहे. निमित्त एका कादंबरीचं. जळगावच्या एका पेपरात मी रविवारी पुस्तकांची परीक्षणं लिहिते. या वेळी संपादकांनी साडेसहाशे पानांचं धूड पाठवलं. अर्धी गोष्ट जुन्या काळातल्या विमान चालवणाऱ्या बाईची, अर्धी आजची, तिच्या पणतीची. उडण्याची वर्णनं झकास. हवेत इंजिन बंद पडतं तिथं माझेच पाय गार पडले. पण त्या बाईचा बाप! चोरून विमानात बसली म्हणून तिला पट्ट्याने रक्त येईपर्यंत फोडतो, आणि मग तिच्यासाठी स्वतः चामड्याची टोपी शिवतो. पणतीला ती टोपी पेटीत सापडते, पणती रडते, झाली बापाला माफी. मी परीक्षणात लिहिलं, 'हा बाप खोटा आहे. असली माणसं फक्त कादंबरीत असतात.'

खोटं मी लिहिलं, आबा. असला बाप आपल्याच घरात होता.

अमळनेरचं स्वयंपाकघर. मी अकरा वर्षांची. तव्यावर कळण्याची भाकरी, मांडीवर वाचनालयाचं जाडजूड पुस्तक. तुम्ही सरकी काढायच्या जिनमधून येता, केसांत कापसाची धूळ. "भाकर जळी गयी, अन् तू काय वाचस?" म्हणता आणि तेच पुस्तक उचलून माझ्या तोंडावर हाणता. एकदा नाही. तिसऱ्या फटक्याला माझा पुढचा दात पडतो आणि पुस्तकाची शिवण उसवते. "पोर मरी जाई!" करत आई मध्ये पडते, तिलाही ढकलता, तिचा तळवा तव्यावर टेकतो. तो चर्र आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. मग तुम्ही खाली वाकलात. मला वाटलं, मला उचलताय. तुम्ही पानं गोळा केलीत. "परकं पुस्तक शे, परत देनं पडी." सरकीची पोती शिवायच्या दाभणाने एकेक टाका घालत तुम्ही ते शिवलंत, आणि मी ओठाला फडकं दाबून बघत बसले. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, कोणी शिवलं? काय सुबक!" माझ्या सुजलेल्या तोंडाकडे त्यांनीही पाहिलं नाही. आयुष्यभर मी तुम्हाला मारल्याबद्दल नाही, त्या टाक्यांबद्दल शिव्या दिल्या, लेकीसमोरसुद्धा.

आता 'हा बाप खोटा आहे' हे वाक्य मी कधी लिहिलं ते सांगते. काल माझी लेक कॉलेजातून आली, माझ्या खांद्यावरून कादंबरीतलं ते टोपीचं पान वाचलं आणि म्हणाली, "आई, हा तर तुझ्या आबांसारखाच आहे गं. टोपी शिवली म्हणजे जीव होता ना त्याचा पोरीवर?" एवढंच विचारलं हो तिने. माझं डोकं फिरलं. साडेसहाशे पानं मी अंगातल्या सगळ्या जोराने तिच्यावर भिरकावली. भुवई फुटली तिची. टेबलावर, भिंतीवर रक्त. त्यानंतर मी ते वाक्य लिहायला बसले, निर्लज्जासारखी.

आज ते खोडलं आहे. दवाखान्यात तीन टाके पडले. 'चुकलं माझं' म्हणाले, तर ती "हं" म्हणाली आणि खोलीत गेली. ती का बोलत नाही ते मला ठाऊक आहे. भुवईवर हात धरून ती उभी होती, बोटांमधून रक्त गळत होतं, आणि मी आधी पुस्तक उचललं.