ओली भिंत वाळेपर्यंत

माय, आज पाचवा नमुना पुसायला लावला. पेंटर शिडीवरून उतरला, फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "बाई, अजून किती खेप पुसाचं? पांढरा म्हणजे पांढराच राह्यते ना." मी म्हटलं, नाही राहत. तो कारधा गावचा माणूस, उभा जन्म रंगाच्या डब्यात गेलेला, आणि त्याला मी, दवाखान्यातली एक नर्स, पांढरा कसा असतो ते शिकवते आहे. त्याला हसू येत असेल तर येऊ दे. साकोलीत आमचं घर उभं राहिलं आहे, विटा-सिमेंटचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या भिंतींना तुझा रंग लागल्याशिवाय मी या घरात दूध उतू घालणार नाही, हे मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे.

यांना आकाशी हवा होता. हे शाळेत मास्तर, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला तीन कारणं तयार. आकाशी मळत नाही, आकाशी थंड वाटतो, आणि आजकाल सगळे तोच देतात. मी ऐकून घेतलं आणि दुकानातून रंगांचं कार्ड घेऊन आले. त्यात पांढऱ्याच्याच आठ-नऊ तऱ्हा. एक क्रीम, एक हस्तिदंती, एक नुसताच ऑफ व्हाईट. बोटाएवढ्या चौकोनावरून अख्खी खोली कशी ओळखायची? एक लावून पाहिला तर लोण्यात हळद सांडल्यासारखा दिसला, दुसरा शिळ्या सायीसारखा, तिसरा थेट माझ्या वॉर्डासारखा. तो तर मी वाळूसुद्धा दिला नाही. वॉर्डात चुन्यात नीळ घालून भिंती रंगवतात, माय. झगझगीत दिसतात, पण त्या भिंतीपुढं धडधाकट बाळंतीण बसवली तरी तिचं तोंड उतरलेलं दिसतं. बारा वर्षं तो पांढरा बघते आहे. घरी येऊन मला पुन्हा तोच बघायचा नाही.

तुझा रंग म्हणजे सानगडीच्या आपल्या घरातला. दिवाळीच्या आधी तू आणि आळीतल्या बाया टोपल्या घेऊन तळ्यापलीकडं पांढरी माती आणायला जायच्या. सगळ्यांची माती एकाच खड्ड्यातली, पण घरोघरच्या भिंती पोतारून झाल्या की आपली भिंत वेगळी दिसायची. अजून डोळ्यापुढं आहे. तू माती भिजत घालतेस, सकाळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळतेस, हाताला पांढरं लागू नये म्हणून तिच्यात भाताची पेज ओततेस, आणि शेवटी गाडग्यातली पिवळी माती घेतेस. ओंजळ नाही, मूठ नाही, चिमटीनं. तीन चिमट्या टाकून थांबतेस. दाराआड हातभर जागा पोतारतेस आणि खुशाल भाजी चिरायला निघून जातेस. मी जन्माची उतावीळ. त्या ओल्या पट्ट्यापाशी बसून ओरडते, "माय, हे तं चिखलावानी दिसून राहिलं!" तू तिकडूनच म्हणतेस, "ओली भिंत खरं नाही सांगत वं. वाळू दे." मग दिवेलागणीला कंदील घेऊन येतेस आणि मला भिंतीपाशी उभी करतेस. एकदा मी विचारलं होतं, एवढा वेळ भिंतीत काय पाहतेस म्हणून. तू म्हणालीस, "भिंत कोण पाहून राहिलं? मी तुहं तोंड पाहून राहिली. तोंड उजळलं तं रंग जमला."

आळीतल्या बाया पहिली बादली तुझ्याकडूनच कालवून घ्यायच्या. दसरा झाला की कोणीतरी दारात उभी असायचीच, आणि तू पदर खोचून निघायचीस. आपल्या घरात तुला मोठेपणा असा कशातच नव्हता. शेतात बाचा शब्द, देण्याघेण्यात आजोबांचा. पण त्या आठ-दहा दिवसांत आळी तुझ्या चिमटीवर चालायची, आणि तुझ्या चालण्यातसुद्धा ते दिसायचं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं.

मॅट्रिकच्या वर्षी मला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा शहरात नोकरीला, त्यांचं घर पक्कं. माझ्या डोक्यात एकच भुंगा, आपल्या पिवळट भिंती बघून ते नाक मुरडणार. ते यायच्या दोन दिवस आधी दुपारी तू बादली कालवून ठेवलीस, "मी आली की हात लावू" म्हणालीस, आणि समोरच्या काकीनं बोलावलं म्हणून तिची बादली कालवायला गेलीस. मी तुझी वाट न बघताच पोतारायला घेतलं. अर्धी भिंत झाली आणि मागं सरून पाहिलं तर सगळा चिखल. ओली भिंत खरं सांगत नाही हे मी शंभरदा ऐकलं होतं. तरी घाबरले. कपड्यांच्या निळीची पुडी उचलली, अख्खी बादलीत रिकामी केली, हातानंच ढवळली आणि चारही भिंती एका दमात पोतारून काढल्या. पांढऱ्याशुभ्र होतील, माय खूश होईल, असं स्वतःला सांगत होते. पिवळ्यात निळं पडलं की काय होतं ते शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकवलं होतं, पण भिंतीपुढं ते आठवलं नाही.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा भिंती वाळल्या होत्या आणि हिरवट झाल्या होत्या. तुझ्यामागून काकी आली. तिनं दारातच पाऊल थांबवलं. "आवं, हे काय झालं? भिंतीले शेवाळ आलं का?" तू भिंतीकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. मी दोन्ही हात मागं घेऊन उभी होते. तू काकीकडं वळून म्हणालीस, "माहाच हात चुकला वं. आता नाही उमजत मले पहिल्यावानी." एवढंच. दुसऱ्या दिवशी आपण दोघींनी त्यावर दोन हात दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी तू अर्धं लिंबू माझ्या हातात दिलंस. "जाय, नखाले घासजो. पाहुण्यापुढं हात चांगले दिसाव." मी न्हाणीत जाऊन घासलं. नखांच्या कडांना निळं होतं. मनात म्हटलं, बरं झालं, मायला दिसलं नाही.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, भिंतींकडं ढुंकून पाहिलं नाही आणि आठ दिवसांनी नकार कळवला. त्या नकारावरच मी नर्सिंगला गेले, तेव्हा त्याचं दुःख नाही. दुःख पुढच्या वर्षाचं आहे. दसरा झाला आणि तू सकाळीच केस विंचरून ओसरीवर सूप घेऊन बसलीस. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते, तरी बसून होतीस. काकी समोरून गेली, दुसरीच्या घरी. "तिचा हात गेला आता," असं ती तुझ्याबद्दल आळीत सांगत होती, आणि ते तिनं तुझ्याच तोंडून ऐकलं होतं. मी आत पुस्तक उघडून बसले होते. उठून काकीच्या दारात जायला मला वीस पावलंसुद्धा लागली नसती. गेले नाही. त्यानंतर मी भंडाऱ्याला ट्रेनिंगला असताना तू तापानं गेलीस, आणि मग ती वीस पावलं चालायचं मला कधी जमलंच नाही.

इथवर लिहून परवा कागद मिटून ठेवला होता. आज पुढं लिहिते, कारण रंग जमला.

सकाळी पेंटरच्या हातातली काडी मीच घेतली. "द्या इकडे, मी कालवते." तो यांच्याकडं बघायला लागला. हे म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? मला तर आकाशी पाहिजे होता." पांढरं डिस्टेंपर, आणि त्यात पिवळा. पहिल्या डब्यात तो जास्त पडला. पेंटर म्हणाला, "एक थेंब निळा टाका बाई, पिवळा मरून जाईल." मी इतक्या जोरात "निळा नाही!" म्हणाले की तो दोन पावलं मागं सरला. दुसरा डबा घेतला. काडीच्या टोकावर आला तेवढाच पिवळा, आणि जरासा गेरू. दाराआड हातभर जागा रंगवली आणि सगळ्यांना बजावलं, वाळेपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. मी स्वतः भाजी चिरायला बसले. भाजी कसली, बोट कापून घेतलं. पण उठले नाही.

दिवेलागणीला बल्ब लावला आणि यांना भिंतीपाशी उभं केलं. "फोटो काढते का?" म्हणाले. मी नुसती पाहत राहिले. दहा वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका बरा कधी दिसला नव्हता, आणि तसं मी सांगितलंही. मग पेंटर आपणहून जाऊन उभा राहिला आणि खिशातला आरसा काढून बघतो तर, "बाई, मी तं गोरा दिसून राहिलो!" रडू आलं मला, माय. हसता हसता आलं. उद्यापासून चारही भिंतींना हाच रंग देणार.

तो हात धुवायला नळापाशी गेला आणि म्हणाला, "एखादं लिंबू असन तं द्या." कशाला म्हणून विचारलं तर त्यानं बोटं पुढं केली. नखांच्या कडा निळ्या. "काल एका घरी नीळ टाकून चुना मारला ना. हे साबणानं नाही निघत, राखेनं नाही निघत. निळीले लिंबूच लागते." मी लिंबू कापलं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवताना माझा हात तिथंच राहिला. हळदीच्या हातांना तू मला राख दिलीस, बेसन दिलंस. लिंबू त्या एकाच दिवशी दिलं होतंस. म्हणजे तू पाहिलं होतंस. दारात उभ्या उभ्याच तुला कळलं होतं, आणि पाहुणे यायच्या तोंडावर पोरीच्या हाताला बोल लागू नये म्हणून तू ते आपल्या हाताला घेतलंस. एवढी वर्षं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवते आहे असं समजत होते, आणि ती लपवत होतीस तू, आळीपासून.

काकी अजून आहे. वाकली आहे, पण कान शाबूत आहेत. परवा सुट्टी आहे, सकाळच्या बसनं सानगडीला जाते. आधी तिला नीळ कोणी टाकली ते सांगते, तिच्या सुनांच्या देखत, म्हणजे आळीत पोचायला वेळ लागणार नाही. मग तिला घेऊन इथं येते. दूध तिच्या हातानं उतू घालीन, आणि बल्ब लावून तिलाच भिंतीपाशी उभी करीन. तुझा हात चुकला नव्हता हे तिनं याच घरात बोलून दाखवलं पाहिजे. नाही बोलली तर बोलेपर्यंत चहा देणार नाही.

पाकीट आणलेलं नाही, त्यावर लिहायला पत्ता नाही. हे कागद माझ्याच ट्रंकेत राहतील. एक गोष्ट मात्र काकीला सांगायची नाही, ती तुलाच सांगते. लिंबावरून कळतं की बाकी सगळं तुला माहीत होतं, पण हे बहुतेक माहीत नसेल. तू दारात "माहाच हात चुकला" म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, माय. मला हायसं वाटलं होतं.