भरलेला पियाला

गुरुजी, आज सकाळी जवळा बाजारहून आलेल्या चुलतभावाला मी चहा दिला तो अर्धाच कप. बायको देवाची फुलं तोडायला अंगणात गेली होती, म्हणून मीच ओतला. आत येऊन तिनं कपात डोकावलं नि पाहुण्यासमोरच म्हणाली, "काहून ओ, दूध आटलं का घरातलं? अर्ध्या कपावर पाहुण्याला वाटंला लावून राहिले तुमी!" चुलतभाऊ हसला. "ऱ्हाऊ द्या वैनी, फॉरेनला माप कमी असतंय." मी उठलो आणि बशीत सांडेपर्यंत कप भरला. त्या दोघांना खरं कारण सांगायचं तर फार लांबून सुरुवात करावी लागली असती, म्हणून तुम्हाला सांगतो.

तुम्ही शिकवलेल्या हिंदीच्या जोरावर मी गेल्या वर्षी ताश्कंदला पोचलो. तिथल्या एका शाळेत हिंदी शिकवतो. मुलांशी लगेच जमलं, शिक्षकांच्या खोलीत मात्र अडलं. मधल्या सुट्टीत सगळे एका टेबलाभोवती बसतात, मध्ये बिनदुधाच्या हिरव्या चहाची किटली, आणि आळीपाळीनं एकेकानं ओतायचं. बिनकानाच्या वाटीला ते पियालाच म्हणतात. तो शब्द ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. पण दुसऱ्या कुणी ओतला की तळाशी दोन घोट. काय हात आखडतात ही माणसं, असं मला वाटायचं. माझी पाळी आली की मी काठोकाठ भरायचो, आणि दरवेळी तेच व्हायचं. माणसं पियाला संपवतात, छातीवर हात ठेवून मान लववतात, उठून जातात. मी किटलीपाशी एकटा. वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षाचं विचारलं तेव्हा गावाकडून कळवतो म्हणालो, पण मनात नाहीच होतं. ज्यांना आपण नको आहोत त्यांच्यात कशाला राहायचं?

निघायच्या आदल्या दिवशी तिथल्याच, हिंदी शिकवणाऱ्या एक वयस्क बाई जवळ आल्या. त्यांची हिंदी सगळी पुस्तकातली. "महोदय, आप हमसे रुष्ट हैं? हमें हर बार विदा क्यों कर देते हैं?" मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. तिकडं चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा, यजमानानं पुन्हा उठावं, बसणं लांबावं. भरून दिला की अर्थ एकच: प्या आणि निघा. मी आपल्याकडची रीत सांगितली तेव्हा बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि सगळ्यांना बोलावून ती ऐकवली. व्यायामाच्या मास्तरांनी माझ्या पाठीत धपका घालून काहीतरी म्हटलं. बाई म्हणाल्या, "कहते हैं, हम तो समझे थे, आप हमारी बातों से ऊब गए हैं."

तेव्हापासून तुमच्याबद्दलच विचार येतात. तुम्हीही तेलंगणातून आलेले, घरी तेलुगू बोलणारे. बाकीचे गुरुजी ओसरीत डबे सोडताहेत आणि तुम्ही शाळेमागच्या कडुलिंबाखाली एकटे, हे मला अजून दिसतं. तुम्हाला तेच आवडतं, असं आम्ही लेकरं समजायचो. आमच्या माणसांचं काय बघून तुम्ही तिथं जाऊन बसलात? की तुमचंच काही बघून त्यांनी बोलावलं नाही? शेजारच्या पोराशी मी अबोला धरला होता तेव्हा तुम्ही माझा कान पिळून म्हणाला होतात, "आधी विचार रे, मग रुसून बस." हे तुम्ही कुठं शिकलात? आणि तुम्ही स्वतः विचारलंत का कधी कुणाला?

सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. काय मागायचं ते ठरवून गेलो होतो, पण गाभाऱ्यात उतरून पिंडीवर हात ठेवला आणि मागावंसं काही वाटेना. आज दुपारी बाईंना फोन लावला, येतो म्हणून मुख्याध्यापकांना निरोप दिला. बायको शेजारीच उभी होती. काहून, म्हणून तिनं विचारलं, तर पोरांची हिंदी अर्धी राहिली असं सांगितलं. ते खोटं नाही. पण तुम्ही आता नाही आणि हे कागद कुठं जायचे नाहीत, तेव्हा तुमच्याजवळ खरं बोलतो. त्या माणसांच्यात माझं अजून काय काय चुकतंय, ते बघायला मी चाललोय.